पी९०० घ्यावा की पी९५०? लांब झूमचा पहिला कॅमेरा निवडताना

दिवाळी सरली की पैठणच्या नाथसागरावर, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयावर, पाहुणे पक्षी उतरायला लागतात, आणि माझ्या फोनवर ठरलेला प्रश्न यायला लागतो. या वेळी तो परभणीहून भाच्याने विचारला. "मामा, निकॉनचा पी९०० वापरलेला मिळतोय, भाव बरा आहे. पण त्याच्या पुढचा पी९५० पण आहे म्हणतेत. हा घेऊ का अजून पैसे साठवू?" फोनवर तासभर बोललो तरी निम्मं राहून गेलं. पी९०० माझ्याकडे बऱ्याच वर्षांपासून आहे. पी९५० आमच्यातल्या एका मित्राचा. गेले दोन हिवाळे हे दोन्ही कॅमेरे एकाच काठावर शेजारी शेजारी ठेवून वापरले. भाच्याला सांगायचं राहिलं ते धरून सगळं इथे क्रमाने लिहितो.

आधी ठरवा, फोटो कशाचे काढायचे

घरचं लग्न, पोरांचे वाढदिवस, देवगिरीवरची सहल एवढंच डोक्यात असेल तर या दोन्हींपैकी एकही घेऊ नका. बरा फोन ती कामं करतो. अजिंठ्याच्या अंधाऱ्या लेण्यांत, जिथे फ्लॅश मारायला बंदी आहे, तिथे तर फोनच बहुतेक वेळा सरस ठरतो. हे कॅमेरे लांबच्या गोष्टींसाठी केलेले आहेत: पाणपक्षी, माळावरचं काळवीट, चंद्र, देवगिरीच्या चांदमिनाराच्या सज्ज्याखालचं नक्षीकाम.

आपल्याकडे लांब झूम लागतो त्याला कारण आहे. जायकवाडीचा जलाशय १९८६ साली पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. हे पाणी पसरट आणि उथळ आहे. हिवाळा पुढे सरकतो तसं पाणी मागे हटतं, उघड्या पडलेल्या गाळात गाळपेऱ्याची पिकं उभी राहतात, आणि पक्षी मात्र पाण्याच्या कडेलाच राहतात. म्हणजे आपण बांधावर आणि रोहित पक्षी (फ्लेमिंगो) शंभर-दोनशे मीटरवर. फोनमध्ये तो थवा गुलाबी ठिपक्यांच्या ओळीसारखा येतो. चिखल तुडवत जवळ जायचा मोह होतो, पण तसं केलं की चरणारा अख्खा थवा उठतो. म्हणून झूम.

दोघांत सारखं काय आहे ते नीट समजून घ्या

पी९०० आला २०१५ साली, पी९५० जानेवारी २०२० मध्ये. मध्ये जवळजवळ पाच वर्षं गेली, तरी दोन्हींचा ऑप्टिकल झूम, म्हणजे भिंगांनी होणारा खरा झूम, ८३ पटच आहे. जुन्या रोलच्या कॅमेऱ्याच्या हिशेबात सांगायचं तर २४ ते २००० मिलिमीटर. ॲपर्चर (लेन्समधून उजेड आत येतो ते भोक, आकडा लहान तेवढं ते मोठं) रुंद टोकाला २.८ आणि लांब टोकाला ६.५, तेही तेच. सेन्सर (आतला उजेड टिपणारा तुकडा) १/२.३ इंची, १६ मेगापिक्सेलचा, तोही तेवढाच. तेव्हा "नव्याचा झूम जास्त लांब जातो" असं कोणी सांगितलं तर ते खरं नाही. पुढे जे काही वाचाल ते ही गोष्ट धरून वाचा.

२००० मिलिमीटर म्हणजे प्रत्यक्षात किती? पूर्ण झूम केला की शंभर मीटरवरची सुमारे पावणेदोन मीटर रुंद आणि १.३ मीटर उंच चौकट फोटोत भरते. उभा रोहित त्यात पायापासून डोक्यापर्यंत मावतो. पन्नास मीटरवर हीच चौकट सुमारे ८७ बाय ६५ सेंटिमीटरची होते, म्हणजे लांब लाल पायांचा शेकाट्या उभ्या चौकटीचा निम्म्याहून जास्त भाग व्यापतो. हे आकडे डोक्यात असले की काठावर उभं राहून "इथून जमेल, तिथून नाही" हे आधीच कळतं.

सेन्सरबद्दल एक खरी गोष्ट. तो साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा, म्हणजे करंगळीच्या नखाहूनही लहान आहे. मोठ्या फुल-फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर त्याच्या तीसपट मोठा असतो. लहान सेन्सरमुळेच एवढा लांब झूम एक किलोच्या आसपासच्या वजनात आणि एकाच लेन्समध्ये बसतो. पण त्याच कारणाने उजेड कमी झाला की फोटोत रवाळपणा येतो, दोन्हींत सारखाच. संध्याकाळी दिवे लागल्यावरची पाखरं टिपायची असतील तर हा रस्ता तुमचा नाही.

निकॉनच्या याच घराण्यात पी१००० पण आहे, २०१८ चा, १२५ पट झूमचा, आणि २०२५ मध्ये त्याच्या जागी पी११०० आला. नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. पी१००० चं वजन १,४१५ ग्रॅम आहे, लांब टोकाला ॲपर्चर ८ वर जातो, आणि ३००० मिलिमीटरला पक्षी चौकटीत सापडवणं हेच वर्षभराचं काम होऊन बसतं.

मग नव्यात पैसे कशाचे?

डोळा लावायच्या खिडकीचे. बाकीचं सगळं त्यानंतर येतं.

हिवाळ्यातलं आपलं ऊन स्वच्छ असतं. नऊ वाजता मागच्या स्क्रीनवर स्वतःचा चेहरा दिसतो, पक्षी दिसत नाही. कॅमेरा डोळ्याला लावावाच लागतो. दुसरा फायदा असा की दोन हात आणि कपाळ असे तीन टेकू मिळतात, त्यामुळे हात कमी हलतो. पी९०० चा व्ह्यूफाइंडर ०.२ इंचाचा, सुमारे ९ लाख २१ हजार बिंदूंचा. पी९५० चा ०.३९ इंचाचा आणि सुमारे २३ लाख ६० हजार बिंदूंचा. कागदावर हा फरक साधा वाटतो. प्रत्यक्षात पहिल्यात बोगद्याच्या पलीकडचं चित्र पाहिल्यासारखं वाटतं आणि दुसऱ्यात खिडकीशी बसल्यासारखं. दूरवर तरंगणारं बदक थापट्या आहे की दुसरं काही, हे पी९५० मध्ये फोटो काढायच्या आधी कळतं. माझ्या कॅमेऱ्यात घरी जाऊन मोठं करून पाहिल्यावर कळतं. चष्मा लावणाऱ्याला हा फरक फार मोठा आहे. चष्मा असेल तर दोन्ही कॅमेरे डोळ्याला लावून पाहिल्याशिवाय निर्णय घेऊच नका.

दुसरा फरक रॉ फाईलचा, म्हणजे सेन्सरने टिपलेल्या मूळ कच्च्या नोंदीचा. पी९०० फक्त जेपेग देतो. पी९५० रॉ पण देतो. पांढऱ्या पक्ष्यांच्या बाबतीत याचा उपयोग होतो: उन्हातला बगळा किंवा रोहित थोडा जास्त उजळ आला की पिसांची रेघन् रेघ पुसली जाते आणि नुसता पांढरा डाग उरतो. रॉ फाईलमध्ये त्यातलं थोडंफार परत आणता येतं. पण सेन्सर छोटा असल्याने फार आशा धरू नये, आणि घरी कॉम्प्युटरवर बसून फोटो धुवायची तयारी नसेल तर ही सोय असून नसल्यासारखी.

व्हिडिओ पी९०० वर फुल एचडी, पी९५० वर ४के. पी९५० ला बाहेरचा माइक लावायची जागा आणि वर हॉट शू (जोडसाधनं बसवायची खाच) आहे. त्या शूवर ठिपका दाखवून नेम धरायचं साधन बसतं, उडता पक्षी पकडायला ते कामी येतं. लेन्सच्या बाजूला फिरवायची एक चकतीही वाढली आहे. हात हलण्याचा परिणाम कमी करणारी व्हीआर यंत्रणा पी९०० मध्ये ५ स्टॉपची आणि पी९५० मध्ये ५.५ स्टॉपची सांगितली आहे (एक स्टॉप म्हणजे शटरच्या वेळेत दुप्पट सवलत). हा अर्धा स्टॉप काठावर मला कधी जाणवला नाही.

आता जुन्याच्या बाजूने. पी९०० मध्ये जीपीएस आतच आहे, फोटोसोबत जागा आपोआप नोंदली जाते. पी९५० मध्ये तो काढून टाकला, जागा हवी तर फोन जोडून ठेवावा लागतो. पक्ष्यांच्या नोंदी ठेवणाऱ्याला हे खटकतं, मला तर फारच खटकलं. जुना एका चार्जिंगमध्ये सुमारे ३६० फोटो काढतो, नवा सुमारे २९०. वजन जुन्याचं ८९९ ग्रॅम, नव्याचं १,००५. आणि दोघांच्या बॅटऱ्या वेगळ्या आहेत, एकाची दुसऱ्याला चालत नाही. जास्तीची बॅटरी घेताना जुन्यासाठी ईएन-ईएल२३ आणि नव्यासाठी ईएन-ईएल२०ए हे नाव पाहून घ्या.

माझा कौल असा: पैसे हातात असतील आणि आठवड्याला एकदा तरी बाहेर पडणार असाल, तर पी९५० घ्या, व्ह्यूफाइंडरसाठी घ्या. हप्ते काढून घ्यावा लागणार असेल तर चांगल्या अवस्थेतला पी९०० घ्या आणि उरलेल्या पैशांत एक मजबूत ट्रायपॉड, एक जास्तीची बॅटरी आणि पाणवठ्यावर जायचं पेट्रोल होऊ द्या.

दोन्ही कॅमेऱ्यांना हरवणारी हवा

मागच्या जानेवारीतली एक सकाळ. आठच्या सुमारास मित्राने आणि मी चक्रवाकाच्या एकाच जोडीचे फोटो काढले. घरी एका कॉम्प्युटरवर शेजारी शेजारी लावले तेव्हा कोणता कोणाचा हे फाईलचं नाव पाहून ठरवावं लागलं. अकरा वाजता त्याच जागेवरून, तेवढ्याच अंतरावर काढलेले फोटो दोघांचेही वाया गेले. मित्राला वाटलं लेन्स बिघडली. बिघडली नव्हती, हवा तापली होती.

आपली काळी माती उन्हात पटकन तापते. तिच्या अंगची गरम हवा वर चढते, थंड खाली येते, आणि या सरमिसळीतून येणारा उजेड क्षणाक्षणाला वेगळा वळतो. डांबरी रस्त्यावर मृगजळ दिसतं ते याच कारणाने. साध्या डोळ्याला शिवार स्थिर दिसत असलं तरी ८३ पट झूममध्ये ते उकळत्या पाण्यातून पाहिल्यासारखं हलतं. यावर कोणत्याही कॅमेऱ्यात उपाय नाही. नांगरलेल्या रानावरून पलीकडे फोटो काढणं सगळ्यात वाईट. त्यापेक्षा उभ्या ज्वारीवरून किंवा पाण्यावरून बरं.

ओळखायचं कसं? पूर्ण झूम करून लांबच्या विजेच्या खांबाची कड पाहा. कड सरळ असेल तर कामाला लागा. कड नागमोडी लवत असेल तर लांबचा नाद सोडा आणि तीस-चाळीस मीटरच्या आतलं काही शोधा. बाभळीवर वेडा राघू असतोच, तारेवर कोतवाल असतो.

दुसरी अडचण उजेडाची. भर उन्हात, आयएसओ (सेन्सरची उजेड टिपायची संवेदनशीलता) १०० ठेवून, ६.५ ॲपर्चरला शटरचा वेग साधारण १/६०० सेकंद मिळतो. सूर्य नुकताच वर आलेला असतो तेव्हा तोच १/१०० किंवा त्याहून खाली येतो, आणि मान हलवणारा पक्षी हललेला येतो. म्हणजे उजेड भरपूर तेव्हा हवा तापलेली, हवा गार तेव्हा उजेड तोकडा. जानेवारीत आपल्याकडे सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो. पावणेआठ ते साडेनऊ या पावणेदोन तासांत दोन्ही गोष्टी जुळून येतात. गाडी काढायची वेळ त्यावरून ठरवा. मे महिन्यात ही वेळ आणखी लवकर संपून जाते.

वापरलेला पी९०० तपासताना

पी९०० आता वापरलेलाच घ्यावा लागतो, म्हणून इथे घाई नको. माझा पहिला झूम कॅमेरा, तो वेगळ्याच कंपनीचा होता, मी दुकानात फक्त मागच्या स्क्रीनवर फोटो पाहून घेतला. घरी मोठं करून पाहिलं तर प्रत्येक फोटोची डावी बाजू अंधुक. आतलं भिंग जागेवरून सरकलेलं होतं, आणि दुकानदाराने परत घ्यायला नकार दिला. त्यानंतर वर्तमानपत्राची परीक्षा घेतल्याशिवाय मी कोणाला कॅमेरा घेऊ दिलेला नाही.

जाताना स्वतःचं मेमरी कार्ड आणि वर्तमानपत्राचं छोट्या जाहिरातींचं पान न्या. सावलीतल्या भिंतीवर पान चिकटवा आणि दहा मीटर मागे या. लांब टोकाला हा कॅमेरा पाच मीटरच्या आतलं काही फोकस करत नाही, म्हणून दुकानाच्या आत ही परीक्षा होत नाही, बाहेर यावं लागतं. कॅमेरा स्टुलावर किंवा टेबलावर टेकवा, व्हीआर बंद करा, दोन सेकंदांचा टायमर लावा आणि पूर्ण झूमवर फोटो काढा. दहा मीटरवर सुमारे १७ बाय १३ सेंटिमीटरचा तुकडा चौकटीत येईल. चारही कोपऱ्यांतली अक्षरं सारखी वाचता आली पाहिजेत. कोपरे मधल्यापेक्षा थोडे मऊ असतील तर चालेल, पण एकच बाजू अंधुक असेल तर उठून या. हेच मधल्या झूमवर आणि सगळ्यात रुंद टोकालाही करा. मग व्हीआर चालू करून हातात धरून काढा. चालू आणि बंद यांतला फरक व्ह्यूफाइंडरमध्येच दिसतो, चित्र एकदम स्थिरावतं. दिसला नाही तर ती यंत्रणा गेली समजा.

मग झूम सावकाश पुढेमागे न्या. आवाज एकसारखा हवा. मध्येच अडखळणं किंवा करकर नको, ती आत शिरलेल्या धुळीची खूण असते. फोनचा टॉर्च लावून समोरून लेन्समध्ये तिरकं पाहा. दोन-चार धूलिकणांनी फोटो बिघडत नाही, पण कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसली तर नको. बॅटरी काढून काचेच्या काउंटरवर ठेवा. ती डुलली किंवा गरगर फिरली तर फुगलेली आहे. वळणाऱ्या स्क्रीनचा सांधा सगळ्या बाजूंनी फिरवून पाहा, यूएसबीची वायर लावून चार्जिंग सुरू होतं का पाहा, आणि उघड्यावर जाऊन जीपीएसला जागा सापडते का तेही. काढलेले फोटो पैसे देण्याआधी कॉम्प्युटरवर उघडा.

नवा पी९५० घेताना एवढं लागत नाही. वर्तमानपत्राची परीक्षा मात्र तिथेही घ्या. ४के व्हिडिओ काढणार असाल तर कार्डावर इंग्रजी यू अक्षराच्या आत ३ आकडा आहे ना, ते बघा.

पहिल्या आठवड्यात काय करायचं

घरी आणल्यावर पहिलं काम: मेन्यूत जाऊन डिजिटल झूम बंद करा. तो चालू राहिला तर ८३ पटींच्या पुढे फोटो फाटतो आणि आपण कधी पुढे गेलो ते लक्षात येत नाही.

चार दिवस काठावर जाऊ नका. गच्चीवर उभे राहून तारेवरचा कोतवाल शोधण्याचा सराव करा. नवख्याची सगळ्यात मोठी अडचण फोकसची नसते, पक्षी सापडत नाही ही असते. आधी झूम न करता पक्षी चौकटीच्या मधोमध घ्या, जवळची एखादी खूण, फांदी, खांब, लक्षात ठेवा, मग झूम वाढवत न्या. हरवला तर लेन्सच्या डाव्या बाजूचं बटण दाबून धरा. झूम क्षणभर मागे येतो, आधीची चौकट रेषेने दिसते, पक्षी तिच्यात आणा आणि बटण सोडा. कॅमेरा परत जिथे होता तिथे जातो. हे बटण दोन्हींत आहे, आणि बोट न बघता तिथे गेलं पाहिजे इतका सराव करा.

शुद्ध अष्टमीच्या संध्याकाळी चंद्रावर हात बसवा. पौर्णिमेचा चंद्र सपाट दिसतो. अष्टमीला ऊन-सावलीच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडतात आणि काठ उठून दिसतात. पूर्ण झूमवर चंद्र फोटोच्या उंचीचा सुमारे सत्तर टक्के भाग भरतो. दोन्ही कॅमेऱ्यांत चंद्रासाठी वेगळा मोड आहे, आधी तो वापरा. पक्ष्यांसाठीही मोड आहे, आणि पहिल्या दोन फेऱ्या त्याच्यावरच काढायला हरकत नाही.

मग एस मोडवर या, त्यात शटरचा वेग आपण ठरवायचा असतो. बसलेल्या पक्ष्याला १/५००, उडणाऱ्याला १/१०००. आयएसओ आपोआप ठेवा, पण ८०० च्या वर जाऊ देऊ नका. पांढरा पक्षी असेल तर एक्स्पोजर उणे ०.७ करा, म्हणजे फोटो थोडा गडद येईल. पी९०० वाल्यांनी तर हे विसरूच नये, कारण त्यांच्याकडे रॉचा आधार नाही.

टेकूसाठी जाड कापडाची वीतभर पिशवी शिवून घ्या आणि तिच्यात ज्वारी भरा, पाऊण भागच, गच्च नको. बांधावर, गाडीच्या खिडकीवर, मोटारसायकलच्या सीटवर कुठेही ठेवली की लेन्स तिच्यात रुतून बसते. ट्रायपॉडपेक्षा मी हीच जास्त वापरतो. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंमध्ये ट्रायपॉडला वेगळी परवानगी लागते, तिथेही ही कामाची.

राहिली धूळ. ही लेन्स आत-बाहेर होताना भात्यासारखी हवा ओढते, आणि हवेबरोबर आपल्या कच्च्या रस्त्यांची बारीक काळी धूळ आत जाते. मोटारसायकलवर कॅमेरा गळ्यात अडकवून जाऊ नका. आधी जुन्या सुती धोतराच्या कापडात, मग बॅगेत. पुढे ६७ मिलिमीटरचा साधा फिल्टर लावा, दोन्हींना तोच बसतो. वारा सुटलेला असेल तेव्हा झूम उगीच पुढेमागे करू नका. घरी आल्यावर लेन्स बाहेर काढायच्या आधी तिच्या कडेची धूळ मऊ ब्रशने झाडा. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकी उडते.

भाच्याने परवा परभणीत गल्लीतल्या भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवून तो पी९०० तपासला आणि चार कोपऱ्यांचे फोटो मला पाठवले. अक्षरं चारही बाजूंना स्वच्छ आहेत, व्हीआर चालू आहे, बॅटरी मात्र काचेवर डुलते. त्याला सांगितलं, नव्या बॅटरीचे पैसे भावातून वजा करून माग, आणि येत्या रविवारी सकाळी सहाच्या आत पैठणला पोहोच.